पाटांगणावरची पोथी आणि कॉलेजचं दाखल रजिस्टर

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की कॉलेजच्या ग्रंथपालाला जी माहिती जमवावी लागायची, तिच्यात एक कलम बरीच वर्षं होतं: ग्रंथालयातले दुर्मिळ ग्रंथ, हस्तलिखितं आणि इतर खास संग्रह यांचा तपशील द्या. पुण्या-मुंबईच्या जुन्या कॉलेजांना हे कलम म्हणजे मिरवायची जागा. बाजारपेठेच्या गावात अलीकडे उभ्या राहिलेल्या कॉलेजांची मात्र तिथं पंचाईत व्हायची. मग मोल्सवर्थच्या कोशाचं पुनर्मुद्रण, गॅझेटिअरचे दोन खंड आणि विश्वकोशाचा संच अशी यादी ‘दुर्मिळ’ म्हणून जोडून दिली जायची. यात लबाडीपेक्षा अडचणच जास्त. दुर्मिळ म्हणजे कुठून तरी लांबून, पैसे मोजून आणलेलं, अशी आपली समजूत आहे. ती ग्रामीण कॉलेजांना फार महागात पडली आहे, असं माझं मत आहे. कारण ज्याला संशोधक खरोखर दुर्मिळ म्हणतात ते कागद या गावांच्या पंचक्रोशीतच पडून असतात.

कडा हे गाव घ्या. आष्टी तालुक्यातलं, बीड जिल्ह्याच्या अगदी पश्चिमेकडचं. जिल्हा बीड असला तरी इथल्या माणसाचा बाजारहाट आणि दवाखाना बराचसा नगरशी जोडलेला. सप्टेंबर 2022 मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली तेव्हा कड्यालाही स्टेशन मिळालं. गावात अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचं कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय आहे. अमोलकऋषी हे स्थानकवासी जैन साधू. बत्तीस आगमांचं हिंदी भाषांतर त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हैदराबादेत राहून पुरं केलं. मूळ आगम अर्धमागधीत, जुन्या हस्तलिखित प्रतींत बंद असलेले. ते साध्या श्रावकाच्या हाती छापील स्वरूपात जावेत म्हणून केलेला हा खटाटोप. आगमाचा अभ्यास म्हणजे हस्तलिखितांशी गाठ पडणारच.

पण कड्याचं महत्त्व निराळंही आहे. हा सरहद्दीचा मुलूख. 1818 नंतर नगरकडे इंग्रजांचं राज्य आलं आणि इकडे सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राहिलं. त्याही आधी, मार्च 1795 मध्ये, मराठे आणि निजाम यांची शेवटची मोठी लढाई झाली ती शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला. सरहद्दीवरच्या गावाचे कागद एका ठिकाणी राहत नाहीत. पेशव्यांकडे गेलेली पत्रं आज पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत, निजामाच्या कचेरीतले कागद हैदराबादला आहेत आणि जे कुठल्याच सरकारकडे गेले नाहीत ते वाड्याच्या माळवदाखाली, मठात, स्थानकात, दर्ग्याच्या मुजावराकडे किंवा फडकऱ्याच्या घरी आहेत. पहिल्या दोन ठिकाणी निदान नोंद आहे. तिसऱ्या ठिकाणचा वाली कोण?

याचं उत्तर महाराष्ट्रात एकदा मिळालं होतं, आणि ते कॉलेजांनीच दिलं होतं. 1866 मध्ये मुंबई सरकारनं हस्तलिखितं शोधून, विकत घेऊन जतन करण्याचं काम हाती घेतलं. काम कुणावर सोपवलं? प्राध्यापकांवर. गेऑर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते, फ्रांझ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पुढं पीटर पीटरसन आले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, काथवटे आले. ही माणसं आणि त्यांचे शास्त्री गुजरात, राजपुताना, दख्खन असे हिंडत. ब्यूलर 1875 मध्ये काश्मीरला गेले आणि तिथून शारदा लिपीतली, भूर्जपत्रावर लिहिलेली ऋग्वेदाची प्रत घेऊन आले. संग्रह आधी एल्फिन्स्टन कॉलेजात ठेवला होता. तिथून तो पुण्याला डेक्कन कॉलेजात आला. 6 जुलै 1917 रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी 17,000 च्या वर हस्तलिखितांचा हा सरकारी संग्रह तिच्या स्वाधीन झाला. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या 30 हस्तलिखितांची 2007 मध्ये युनेस्कोनं जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली. त्यांत ब्यूलरांची ती काश्मिरी प्रतही आहे.

युनेस्कोचं कौतुक सगळ्यांनी केलंच आहे. मला जास्त मोलाची वाटते ती या संग्रहाची क्रमांक घालायची रीत. भांडारकर संस्थेतल्या हस्तलिखिताचा हवाला देताना अभ्यासक आजही ‘1875-76 मधला क्रमांक 5’ अशा थाटात लिहितात. म्हणजे पोथी कोणत्या साली संग्रहात आली ते तिच्या क्रमांकातच गोवलेलं. साल कळलं की त्या वर्षीचा अहवाल काढायचा. तो ब्यूलरांचा की भांडारकरांचा, त्या वर्षी ते कुठं फिरले, पोथी काश्मीरची की खंबायतची, सगळं हाती लागतं. काही पोथ्यांवर नुसता ‘विश्राम’ असा निर्देश असतो. त्या विश्रामबागवाड्यातल्या जुन्या पाठशाळेतल्या. 1821 मध्ये दक्षिणा-फंडाच्या पैशातून तिथं सुरू झालेल्या त्या पाठशाळेतूनच पुढं डेक्कन कॉलेज उभं राहिलं. पोथीनं तीन बिऱ्हाडं बदलली तरी तिचा मूळ पत्ता पुसला गेला नाही, तो या कारकुनी वाटणाऱ्या नोंदीमुळं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 एवढा काळ खपून तयार झाली तीही याच भरवशावर: कोणती प्रत कुठली, हे माहीत असल्याशिवाय प्रतींची घराणी लावता येत नाहीत. काश्मीरची प्रत एक पाठ देते, मल्याळम लिपीतली दुसरा. दोघींत एकमत झालं तर तो पाठ जुना असण्याचा संभव वाढतो. पोथी कुठून आली हे ठाऊक नसेल तर हा हिशेब मांडताच येत नाही.

आता बीडला येऊ. इथं नेमकी उलटी गोष्ट घडली.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मोडी कागदांच्या मागावर गावोगाव हिंडत असत. खांद्यावर वळकटी, हातानं रांधून खाणं आणि कुणाच्याही वाड्यावर जाऊन ‘दप्तर दाखवा’ म्हणणं, हा त्यांचा खाक्या. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा, असे बावीस खंड त्यांनी काढले. या भटकंतीत बीडला पाटांगण नावाच्या ठिकाणी त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ज्ञानेश्वरीच्या बहुतेक प्रती आपण वाचतो त्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 मध्ये, शुद्ध केलेल्या पाठावरून उतरलेल्या. ही प्रत एकनाथांच्या आधीची आहे, मुकुंदराजांच्या परंपरेतली आहे आणि मूळ ज्ञानेश्वरीच्या फार जवळची आहे, असं राजवाड्यांनी ठामपणे मांडलं. 1909 मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेवर उभं केलेलं ज्ञानेश्वरीचं व्याकरणही प्रसिद्ध केलं. जुन्या मराठीचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला तो बऱ्याच अंशी या पोथीपासून. पुढं 1960 च्या सुमारास महाराष्ट्र शासनानं ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली, तिलाही राजवाड्यांचीच संहिता आधाराला घेतली होती.

आणि मूळ पोथी? ती नाही. राजवाड्यांच्या नंतर ती अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. तिचं काय झालं याविषयी तर्ककुतर्क पुष्कळ झाले, पण तर्काला पोथीची सर येत नाही. कागद कुठला होता, शाई कसली होती, अक्षराचं वळण कोणत्या शतकातलं, शेवटच्या पानावर काय लिहिलं होतं, हे ज्या गोष्टींवरून ठरतं त्या गोष्टीच हाती नाहीत. राजवाडे म्हणतात तेवढी ती जुनी होती की नव्हती, या प्रश्नावर विद्वानांचे वाद झाले आणि ते मिटायची सोयच राहिली नाही. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी पोथी, आणि तिच्यासाठी एखाद्या ग्रंथालयाच्या दाखल रजिस्टरात एक ओळ नाही! राजवाड्यांबद्दल पराकोटीचा आदर बाळगूनही हे म्हणावंच लागतं.

त्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला याच्या अगदी विरुद्ध टोकाचं उदाहरण आहे. दासोपंतांनी (1551–1615) लिहिलं किती, तर एकट्या गीतार्णवाच्याच सव्वा लाख ओव्या सांगतात. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आठवण परंपरेनं जपली आहे. पण बघण्यासारखी वस्तू म्हणजे त्यांची पासोडी. पंचीकरण हा वेदान्तातला किचकट विषय त्यांनी कागदावर न लिहिता एका लांबलचक कापडावर मांडला. चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद असं तिचं माप सांगितलं जातं. पोथी एका वेळी एकाच्या हातात राहते. कापड भिंतीवर टांगलं की सगळ्या मंडळींना समोर ठेवून शिकवता येतं. सोळाव्या-सतराव्या शतकात कुणीतरी फळ्याचा विचार केला होता असं म्हणायला हरकत नाही. ही पासोडी अंबाजोगाईतून हलली नाही, दासोपंतांच्या परंपरेतच सांभाळली गेली. म्हणून ती आजही दासोपंतांची म्हणून ओळखता येते. कुणा संग्राहकानं ती उचलून नेली असती आणि चिठ्ठी हरवली असती, तर ‘जुने लिखित वस्त्र, एक नग’ एवढीच तिची नोंद उरली असती.

कॉलेजच्या ग्रंथालयात पोथी आली की तिच्याकडे पाहायचं कसं, हे सांगायला हवं, कारण ग्रंथपालांचं शिक्षण छापील पुस्तकांचं असतं. पोथीला मुखपृष्ठ नसतं. पानं सुटी, आडवी, वर-खाली लाकडी पाट्या आणि सगळ्याला गुंडाळलेलं बासन. ग्रंथाचं नाव बहुधा समासात दोन अक्षरांत आखडून लिहिलेलं. खरा दाखला शेवटच्या पानावर, पुष्पिकेत. तिथं लेखकू सांगतो की अमुक शके, अमुक संवत्सर, अमुक तिथीला, अमुक गावी, अमक्यासाठी ही प्रत पुरी केली. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. वर्षाचा शेवटचा भाग असेल तर 79. संवत्सराचं नाव आणि शक जुळत नसतील तर सावध व्हायचं, कारण लेखकूनं पुढ्यातल्या जुन्या पोथीची तारीखही तशीच उतरून घेतलेली असू शकते. या पुष्पिकेच्या शेजारी पुष्कळदा पाठ, मान आणि डोळे दुखल्याची तक्रार असते आणि पोथी तेलापाण्यापासून जपा अशी विनवणीही. शेकडो वर्षांपूर्वीच्या नक्कलनविसाचं दुखणं हे.

साहित्यातून काळ कळतो. मराठवाड्यातल्या जुन्या लिखाणात दौलताबादी कागद भेटतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा कित्येक पिढ्या चालला. पुण्याकडे जुन्नरी कागद. काजळ आणि डिंकाची शाई शतकं टिकते, पाणी लागलं तरच फुटते. हिराकस घातलेली शाई मात्र हळूहळू कागदच खाते. अशा पानांवर अक्षरांच्या जागी चाळणी पडलेली दिसते. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप दिलेला असतो. हरताळात सोमल, म्हणजे आर्सेनिक असतं. त्यामुळं तो लेप किड्यांना मानवत नाही, आणि वाचणाऱ्यानं बोट जिभेला लावून पानं उलटू नयेत हेही ओघानं आलंच.

जपणुकीच्या बाबतीत बीड जिल्ह्याला एक गोष्ट फुकट मिळाली आहे: कोरडी हवा. कोकणातल्या पोथीला बुरशी जशी ग्रासते तशी इथं ग्रासत नाही. दुष्काळी मुलखाचा एवढा तरी फायदा. इथले वैरी वाळवी, कसर आणि पत्र्याच्या खोलीतला उन्हाळा. जुनी माणसं बासनात वेखंडाची पुरचुंडी ठेवत, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवत. कुणी सापाची कातही ठेवी. वेखंडाच्या वासाला किडे दबतात. कातीचा गुण मात्र श्रद्धेचा. भिंतीपासून हातभर दूर ठेवलेलं लोखंडी कपाट, सुती खादीचं बासन आणि वर्षातून दोनदा उघडून, ब्रशनं झाडून परत बांधणं, एवढं केलं तरी पोथी पुढची शंभर वर्षं काढते. लॅमिनेशन मात्र चुकूनही करू नये. हौसेनं लॅमिनेट केलेल्या सनदा आत पिवळ्या पडत जातात आणि मग त्या बाहेर काढणं कुणालाच जमत नाही. चिकटपट्टीचंही तेच.

पोथ्यांचा एवढा विस्तार केला, पण ग्रामीण कॉलेजचा खरा खजिना पोथ्यांत नाही, दप्तरात आहे असं मला वाटतं. ज्ञानेश्वरीच्या, भागवताच्या प्रती इतरत्रही आहेत. कुळकर्ण्याची वही मात्र जगात एकच असते. देशमुखी-पाटीलकीचे महजर, मोडीतल्या वसुलीच्या याद्या, सावकाराची खतं, निजामाच्या अतियात खात्यानं दिलेले इनामाचे मुंतखब, हे सगळं या भागात मोडी, फारसी आणि उर्दू यांच्या सरमिसळीत आहे, कारण 1884 नंतर हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालू लागला. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. तेव्हा एकदम साऱ्यांच्या ध्यानात आलं की तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कागद आहेत, पण ते वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मोडी वाचकांना इतका भाव पूर्वी कधी आला नसेल! आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, गावच्या जुन्या कागदावर नातवाचं शिक्षण अवलंबून असू शकतं हे त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या घराघरांत कळलं.

लिपी अडली की कागद असून नसल्यासारखा होतो, याचं जुनं उदाहरणही मराठवाड्याच्या परिचयाचं आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. चक्रधरांच्या लीळा सांगणारं गद्य, मराठीतल्या सर्वांत जुन्या गद्यांपैकी एक, मठामठांत जिवंत होतं आणि बाहेरच्या मराठी वाचकाला त्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्यांनी त्या लिपीची किल्ली मिळवली तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली प्रकरणं नव्यानं लिहावी लागली.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं. कॉलेजातल्या इतिहासाच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्यांना अशा वर्गाला पाठवलं आणि सरावाला आपल्याच पंचक्रोशीतले कागद दिले, तर शिकणं आणि यादी करणं ही दोन्ही कामं एकदमच होतात. केंद्र सरकारनं 2003 मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केलं; 2025 च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् या नावानं एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची घोषणा झाली. त्यांच्या लेखी 75 वर्षांहून जुना हस्तलिखित ग्रंथ म्हणजे पांडुलिपी. दैनंदिन हिशेबाची वही किंवा महसुलाची यादी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे दिल्लीची योजना पोथ्यांपाशी थांबणार आणि दप्तराचं पुढं काय, हे गावच्या संस्थेलाच पाहावं लागणार.

घरची माणसं पोथी-दप्तर द्यायला का कचरतात, तेही समजून घ्यायला हवं. पूर्वी कुणीतरी ‘आठ दिवसांत परत करतो’ म्हणून नेलेलं दप्तर परत आलं नाही, असा अनुभव बहुतेक जुन्या वाड्यांच्या पदरी आहे. काहींना जमिनीच्या वादाची धास्ती वाटते, काहींच्या पोथीची रोज पूजा होते. अशा घरी ‘आम्हाला दान करा’ म्हणून जाऊ नये. मूळ कागद घरच्याकडेच राहू द्यावेत, तिथंच बसून फोटो घ्यावेत, छापील यादीची एक प्रत घरात द्यावी आणि एक कॉलेजात ठेवावी. चांगला मोबाइल, खिडकीचा उजेड, पानाशेजारी ठेवलेली पट्टी, एवढ्यावर हे काम होतं. फसतं ते फोटोच्या नावात. मोबाइलनं दिलेल्या आकड्यांच्या नावानं हजारभर फोटो एका पेनड्राइव्हमध्ये पडले की पाटांगणच्या पोथीचीच गत.

म्हणून यादीत गावाचं नाव, घराचं आडनाव, कोणत्या खोलीत किंवा पेटीत मिळालं आणि त्याच पेटीत आणखी काय होतं, हे ग्रंथाच्या नावाच्याही आधी लिहावं. बासन उघडताना आत हिशेबाची चिठ्ठी, औषधाचा पाठ, लग्नाची याद, एखादं तुटकं पान असलं तर ते कचरा म्हणून काढू नये की वेगळ्या फायलीत लावू नये; जिथं सापडलं तिथंच ठेवून त्याचा क्रमांक त्या बासनाखाली घालावा. भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलबीपासून तंबाखूपर्यंत कशाकशाचा इतिहास लिहिला, तो बराचसा लोकांनी बिनमहत्त्वाच्या ठरवलेल्या अशाच पानांवरून आणि ओळींवरून.